बांध कोरला म्हणता, तर सातबारा दाखवा

ताई, सप्रेम नमस्कार.

गोरेगाव पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आमचं छोटं युनिट आहे. मी, माझा भागीदार आणि अकरा माणसं. शीतगृहांत आणि औषधांच्या गाड्यांत तापमान नोंदवणारी यंत्रं आम्ही बनवतो. आत लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम आहे, त्यावर आम्ही लिहिलेले ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्रॅम) आणि कर्नलमधले, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातले, थोडे बदल. गेल्या मंगळवारी फोर्टातल्या एका मोठ्या लॉ फर्मकडून नऊ पानी नोटीस आली. त्यांचं अशील म्हणजे स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असलेली एक बडी कंपनी. नोटीस म्हणते: आमच्या यंत्रांत त्यांचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, आहे, पंधरा दिवसांत विक्री बंद करा, सगळा कोड हवाली करा आणि तीन कोटी भरा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही. नऊ पानांत एकाही फाइलचं नाव नाही. नाव आहे ते २०२१ मध्ये त्यांच्याकडून आमच्याकडे आलेल्या एका मुलाचं. तो म्हणतो, जे आणलं ते डोक्यातून आणलं. पण त्याने लिहिलेल्या एका फाइलमधल्या कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, वाचल्या, त्या आमच्या घरच्या वाटत नाहीत. भागीदाराला लिंक्डइनवर जाहीर सडेतोड उत्तर द्यायचंय. मेव्हणे म्हणतात, मोठ्यांशी वैर नको, काहीतरी देऊन मिटवा. टीममधला एक जण म्हणतो, कोडचा सगळा इतिहास जपणारी जुनी रेपॉझिटरीच उडवून टाकू. तळोज्याच्या आमच्या एका ग्राहकालाही त्यांचं पत्र गेलंय. झोप उडाली आहे. काय करू?

— नाव छापू नये, गोरेगाव

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा मला त्या नऊ पानांपेक्षा जास्त भीती वाटली ती रेपॉझिटरी उडवायच्या सूचनेची. एकही कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद, पुसायची नाही, बदलायची नाही, 'जरा साफसूफ' करायची नाही. गिटमध्ये, म्हणजे या नोंदी ठेवणाऱ्या साधनात, प्रत्येक कमिटचा हॅश (मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) आधीच्या कमिटवर बेतलेला असतो. मधली एक वीट काढली की तिच्यावरची सगळी भिंत बदलते, आणि कुणाच्या तरी घरच्या लॅपटॉपवर जुनी भिंत शाबूत असतेच. मग कोड चोरला की नाही हा प्रश्न मागे पडतो आणि पुरावा का नष्ट केलात हा पुढे येतो. तो स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्याला ना लिनक्स वाचवेल ना मी.

उलट आज संध्याकाळीच सगळं गोठवा. रेपॉझिटरी, बिल्ड सर्व्हर, मेल, त्या मुलाच्या भरतीची कागदपत्रं, सगळ्याच्या प्रती दोन नव्या हार्डडिस्कवर घ्या. प्रत्येकीचा शा-२५६ हॅश काढून कागदावर छापा आणि तारीख घालून सह्या करा. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झालाय. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात हॅश लिहावा लागतो, आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. आता केलंत तर अर्धा तास जाईल. दोन वर्षांनी करायला बसलात तर कोण कुठे नोकरीला गेलं ते शोधण्यातच महिना जाईल.

आता नोटीस.

गावाकडे कुणी 'तू माझा बांध कोरलास' म्हणत अंगणात आला, तर आपल्या आज्या काय विचारायच्या? गट नंबर कुठला, सातबारा कुणाच्या नावावर, मोजणी कधी झाली. आवाज चढवायच्या आधी हे तीन प्रश्न. सोर्स कोडच्या भांडणातही प्रश्न हेच आहेत, आणि ते नीट न विचारल्याने भलेभले घाबरून पैसे देऊन बसतात.

या धंद्यातला सगळ्यात गाजलेला बांध माझ्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिला. मार्च २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात एससीओ ग्रुप नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा आमचा कोड तुम्ही लिनक्समध्ये घातलात, असं त्यांचं म्हणणं. मागणी १ अब्ज डॉलरपासून सुरू झाली आणि ५ अब्जांपर्यंत फुगली. मे महिन्यात जवळपास १,५०० मोठ्या कंपन्यांना पत्रं गेली, की लिनक्स वापरताय तर जपून. पुढे एका प्रोसेसरमागे ६९९ डॉलरचा परवानाही विकायला काढला. तुमच्या तळोज्याच्या ग्राहकाला गेलेलं पत्र याच घराण्यातलं.

कोणत्या ओळी चोरल्या, असं विचारलं की उत्तर यायचं, आधी गोपनीयतेच्या करारावर सही करा. ऑगस्ट २००३ मध्ये लास व्हेगासच्या त्यांच्या मेळाव्यात शेवटी पडद्यावर थोडा कोड दाखवला, तोही काही भाग ग्रीक अक्षरांत, कुणाला वाचता येऊ नये म्हणून. फोटो बाहेर आले आणि जाणकारांनी काही दिवसांत छडा लावला. एक तुकडा जुन्या युनिक्समधला मेमरी वाटपाचा होता. तो असलेल्या जुन्या आवृत्त्या याच कंपनीने, तेव्हा तिचं नाव कॅल्डेरा होतं, २००२ मध्ये स्वतःच खुल्या परवान्याखाली वाटल्या होत्या. दुसरा तुकडा बर्कलीत जन्मलेल्या, नेटवर्कवरची माहिती चाळणाऱ्या पॅकेट फिल्टरचा. म्हणजे दाखवायला काढलेले दागिनेच एक स्वतः दान केलेला आणि दुसरा शेजारणीचा.

न्यायालयाने २००३ च्या डिसेंबरमध्येच एससीओला बजावलं की नेमका कोड दाखवा. तरी ते मोघमच राहिलं. जून २००६ मध्ये न्यायाधीश ब्रूक वेल्स यांनी २९४ आरोपांपैकी निम्म्याहून जास्त एका फटक्यात काढून टाकले. त्यांनी दिलेलं उदाहरण मला फार आवडतं. दुकानातून बाहेर पडणाऱ्या माणसाला चोर म्हणून अडवलं, तर काय चोरलं ते त्याला सांगावं लागेल. दुकानाच्या सगळ्या मालाची यादी हातात ठेवून 'यातलंच काहीतरी आहे, तूच शोध' असं म्हणता येत नाही. तुमच्या हातात आज आहे ती नेमकी तशी यादी आहे, आणि यादीच्या जोडीला एका मुलाचं नाव.

सातबाऱ्याची गंमत तर आणखी पुढची. एससीओकडे युनिक्स आलं ते सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीकडून, आणि तिच्याकडे नॉव्हेलकडून, १९९५ च्या कराराने. नॉव्हेल म्हणालं, आम्ही धंदा विकला, कॉपीराइट नाही, करारात वगळलेल्या गोष्टींची यादी आहे ती बघा. १९९६ च्या एका दुरुस्तीने प्रकरण गढूळ झालं होतं, म्हणून ते बरंच ताणलं. २००७ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी नॉव्हेलच्या बाजूने कौल दिला, सप्टेंबरात एससीओने दिवाळखोरी जाहीर केली. अपिलात निकाल काही अंशी फिरला, पण २०१० च्या मार्चमध्ये ज्युरीनेही कॉपीराइट नॉव्हेलचेच ठरवले. सात वर्षं जो बांधावरून भांडत होता, त्याच्या नावावर जमीनच नव्हती.

म्हणून तुमच्या उत्तरात त्यांच्याकडे तीन गोष्टी मागायच्या, अशा शब्दांत. तुमच्या कोणत्या फाइलमधल्या कोणत्या ओळी, आमच्या कोणत्या आवृत्तीतल्या कोणत्या ओळींशी जुळतात. तुमचा तो कोड कधीचा, आणि तो तुम्ही कधी, कुठल्या परवान्याखाली कुणाला दिला होता का. आणि तो तुमच्या मालकीचा कसा, हस्तांतराची साखळी दाखवा. भाषा थंड ठेवा. पंधरा दिवस ही त्यांनी दिलेली मुदत आहे, कायद्याने घातलेली नाही, पण ती पाळा. गप्प बसलेला माणूस पुढे न्यायाधीशांसमोर उर्मट दिसतो. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० मध्ये बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध स्वतः दावा लावायची सोय आहे, तो हक्क राखून ठेवल्याचं वाक्य वकील घालतील. त्या कलमाचा धाक माफकच धरा. समोरच्याने खरोखर उल्लंघनाचा दावा लावून चालवला की त्याचा आधार उरत नाही.

आणि एक वाक्य चुकूनही लिहू नका: 'आमचा संपूर्ण कोड आमचाच आहे.' ते खरं आहे की नाही हे तुम्हाला आज माहीत नाही. तुमच्याच पत्रात तसं लिहिलंय. शिवाय तुमचा कर्नल तर तुमचा नाहीच, तो जगाचा आहे.

इथे थोडं थांबते, कारण मुक्त सॉफ्टवेअरचा झेंडा खांद्यावर घ्यायच्या आधी आपलं अंगण झाडलंय का ते बघावं लागतं. लिनक्सचा कर्नल जीपीएल या खुल्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. यंत्रात घालून विकलात की ज्याला यंत्र दिलं त्याला कर्नलचा सोर्स, तुमच्या बदलांसकट, मिळायला हवा. सोबत द्या, नाहीतर किमान तीन वर्षं टिकणारी लेखी हमी द्या. तुम्ही देता का? तुमच्या डब्यात वॉरंटी कार्डासोबत तसा कागद आहे का? मी पाहिलेल्या दहा छोट्या युनिटांपैकी फार तर दोघांकडे असतो. तुमच्याकडे नसेल तर या आठवड्यात तयार करा, कारण समोरच्या वकिलांनी एक यंत्र विकत घेतलेलं असणारच आणि ही फट त्यांना पहिल्यांदा सापडेल. जीपीएलचं पालन असेल तर 'सगळा कोड हवाली करा' या मागणीतली अर्धी हवा निघते. कर्नल मागायची गरजच नाही, तो घ्या. बाकीचा, तुमचा स्वतःचा कोड मात्र आंधळेपणाने द्यायचा नाही. दोन्ही बाजूंना मान्य अशा तज्ज्ञापुढे, गोपनीयतेच्या लेखी अटींवर, दोघांनीही आपापला कोड ठेवावा, असा प्रस्ताव द्या. खरा मालक असेल तर नाही म्हणायला त्याला अवघड जातं.

आता तुमचं घर. पुढच्या आठ दिवसांत प्रत्येक फाइलची वंशावळ तयार करा. कुठून आली, कुणी लिहिली, कधी, कुठला परवाना. कंटाळवाणं काम आहे, पण लढाई यानेच जिंकली जाते. डिसेंबर २००३ मध्ये एससीओने नव्याने काही फाइलींवर बोट ठेवलं, त्यांत एरनो आणि सीटाइपसारख्या हेडर फाइली, म्हणजे कोडला जोडायच्या व्याख्यांच्या फाइली, होत्या. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ चा आपला जुना कोड उघडून दाखवलं, की त्यातले काही मॅक्रो (कोडचे छोटे तयार तुकडे) इतके वाईट लिहिले होते की ते दुसऱ्या कुणाचे असूच शकत नाहीत. स्वतःच्या चुकांवरून त्यांनी आपलं मूल ओळखलं. तुमचा इतिहास शाबूत असेल तरच हे जमतं. रेपॉझिटरी का उडवायची नाही, त्याचं हे दुसरं कारण. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, लिनक्समध्ये पद्धत आली की प्रत्येक बदलाखाली तो पाठवणाऱ्याने आपलं नाव घालून 'हे द्यायचा मला हक्क आहे' अशी ग्वाही द्यायची. ती तुम्ही सोमवारपासून सुरू करा, त्याला खर्च काही नाही.

या वंशावळीत बऱ्याच जुळणाऱ्या ओळी निरुपद्रवी निघतील. त्रुटींचे क्रमांक, हार्डवेअरच्या रजिस्टरची नावं, चिपच्या डेटाशीटमधून उतरवलेला क्रम, हे दोघांकडे सारखंच असणार. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच, एका नाटक-सिनेमाच्या वादात, सांगून ठेवलंय की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. आणि आपल्या कायद्याचं कलम ५२ कायदेशीररीत्या हाती आलेला प्रोग्रॅम चालवून, निरखून त्यामागची तत्त्वं समजून घ्यायला परवानगी देतं.

तुमच्या भागीदाराला निरोप द्या: लिंक्डइन नाही. त्यांचा राग मला कळतो. पण एससीओच्या अधिकाऱ्यांनी दोन वर्षं पत्रकारांपुढे जे ठणकावलं, तेच २००५ च्या फेब्रुवारीत न्यायाधीश डेल किंबॉल यांनी निकालपत्रात त्यांच्याच तोंडावर ठेवलं. एवढ्या जाहीर आरोपांमागे ठोस पुरावा नसावा हे थक्क करणारं आहे, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. जाहीर बोललेलं प्रत्येक वाक्य न्यायालयात परत येतं, आणि तुमच्याकडे तर ती एक फाइल आहे. 'आम्ही स्वच्छ आहोत' अशी पोस्ट टाकाल, पाचशे लाइक मिळतील, आणि सहा महिन्यांनी तीच पोस्ट प्रतिज्ञापत्राला जोडून येईल. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचंही तसंच. वकिलाशी बोललेलं सहसा संरक्षित असतं, ग्रुपवरची बडबड नसते.

त्या फाइलकडे यायलाच हवं. पत्रात तुम्ही तिला दोन ओळीच दिल्यात, पण झोप उडालीय ती तिच्यामुळेच.

आधी माझी कबुली. नव्वदच्या दशकात मी सीप्झमध्ये सिस्टीम प्रोग्रॅमर होते. एक नोकरी सोडून दुसरीकडे गेले तेव्हा पर्समध्ये एक फ्लॉपी होती, तिच्यात मीच लिहिलेलं स्ट्रिंग हाताळणारं एक छोटं फंक्शन. नव्या ठिकाणी ते बिनदिक्कत वापरलं. मी लिहिलं म्हणजे माझं, इतका सरळ हिशोब होता. कॉपीराइट कायद्याचं कलम १७ पुढे वकिली शिकताना वाचलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नोकरीत लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. फंक्शन चाळीस ओळींचं होतं, कुणाला कळलं नाही, आणि माझ्या मनात चोरी तर सोडाच, चोरीची सावलीही नव्हती. तुमच्या त्या मुलाच्या मनातही बहुधा नसेल. 'डोक्यातून आणलं' असं तो म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. पण डोक्यातून कल्पना येते, कौशल्य येतं. कॉमेंटमधली स्वल्पविरामाची जागा सहसा डोक्यातून येत नाही.

अशा प्रसंगी काय करावं याचा धडा एससीओपेक्षा जुना आहे. अमेरिकेत कॉम्प्युटर असोसिएट्स आणि अल्ताई या दोन कंपन्या होत्या. पहिलीकडे एक घटक होता, तिचा प्रोग्रॅम वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालावा म्हणून मधे दुभाष्याचं काम करणारा. तिथला एक प्रोग्रॅमर अल्ताईत गेला आणि जाताना सोर्सच्या प्रती घेऊन गेला. अल्ताईच्या नव्या घटकात सुमारे ३० टक्के कोड त्यातून आला. अल्ताईच्या मालकाला पत्ताच नव्हता, तो लागला १९८८ मध्ये दावा आल्यावर. मालकाने काय केलं? उसना कोड कुलपात घातला. ज्या आठ प्रोग्रॅमरांनी त्या कामाला हात लावला नव्हता त्यांना बसवलं, चोरीच्या ओळी कुणालाही न दाखवता ते भाग नव्याने लिहून घेतले. त्याला साधारण सहा महिने लागले. मग नवी आवृत्ती जुन्या ग्राहकांना फुकट दिली. न्यायालयाने जुन्या आवृत्तीसाठी ३,६४,४४४ डॉलरची भरपाई ठोठावली, पण नव्याने लिहिलेली आवृत्ती निर्दोष ठरवली. १९९२ मध्ये अपिलातही ते टिकलं. प्रोग्रॅमची तुलना कशी करावी, आधी कल्पना आणि सार्वजनिक भाग गाळून मग उरलेलं तोलावं, ही पद्धत त्याच निकालाने घालून दिली. अमेरिकेचा निकाल आपल्या न्यायालयावर बंधनकारक नाही, पण वागण्याचा नमुना म्हणून याहून चांगला मला माहीत नाही.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा. आजपासून ती फाइल कुणीही उघडायची नाही. उत्सुकतेपोटी टीममधल्या सगळ्यांनी डोकावून पाहिलं, तर नव्याने लिहायला सोवळ्यातला माणूस उरणार नाही. तुम्ही पाहिलीय, तेव्हा तुम्ही त्यातून बाद. ज्यांनी पाहिली नाही अशा दोघांची नावं वकिलांना द्या. काय करायचं एवढं त्यांना लिहून मिळेल, आधी कसं केलं होतं ते नाही. ती फाइल असलेलं नवं यंत्र तोवर गाळ्याबाहेर जाऊ देऊ नका. काल-परवापर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं, आता शंका आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालची शिक्षा, सहा महिने ते तीन वर्षं, जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला आहे, आणि नोटिशीनंतर 'माहीत नव्हतं' हा शब्द महाग होतो. पंधरा दिवस माल अडकला तर अडकू दे. बाकीची विक्री मात्र त्यांच्या सांगण्यावरून बंद करू नका. फाइल आणि धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेवायच्या.

मुलाला काढू नका, आणि दमात घेऊन कागदावर सहीही घेऊ नका. काढलात तर तो उद्या त्यांचा साक्षीदार. शिवाय त्याचं आणि तुमचं हित आता तंतोतंत एक राहिलेलं नाही, म्हणून त्याला त्याचा वेगळा वकील लागेल. फी शक्य असेल तर तुम्ही द्या. घरी जुन्या कंपनीचं काही सापडलं, पेनड्राइव्ह, मेलमधली झिप, काहीही, तर ते उघडायचं नाही, पुसायचं नाही आणि ऑफिसात तर आणायचंच नाही. थेट वकिलाकडे. हे त्याला चहा पाजून, दार लावून, शांतपणे सांगा. पंचविशी-तिशीतला मुलगा आहे, त्याचं नाव नऊ पानी नोटिशीत छापून आलंय. तुमच्याइतकीच त्याचीही झोप उडाली असणार.

वकील कोण घ्यावा? तुमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स करून देणारे नकोत, कितीही सज्जन असले तरी. बौद्धिक संपदेची प्रकरणं उच्च न्यायालयात चालवणारे हवेत. त्यांच्याकडून पहिलं काम करून घ्यायचं ते कॅव्हेटचं, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका अशी आगाऊ नोंद. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली ती ९० दिवस टिकते, मग नवी घालावी लागते. फक्त मुंबईत घालून भागेलच असं नाही. कॉपीराइटच्या दाव्यात वादीला आपल्या धंद्याच्या ठिकाणीही दावा लावायची मुभा असते, तेव्हा त्या कंपनीचं मुख्य ऑफिस बंगळुरू किंवा दिल्लीत असेल तर तिथलाही विचार करा.

कॅव्हेट असूनही एखाद्या सकाळी कोर्ट रिसीव्हरची, म्हणजे माल ताब्यात घ्यायला न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याची, माणसं गाळ्याच्या दारात उभी राहू शकतात. आपल्या उच्च न्यायालयाचा हा जुना रिवाज आहे. वॉचमनपासून सगळ्यांना आजच सांगून ठेवा: अडवायचं नाही, आरडाओरडा नाही. हुकूम वाचायला मागायचा, वकिलाला फोन लावायचा, काय नेलं त्याची यादी करून घ्यायची. आणि खरोखर दावा आलाच, तर तो व्यापारी न्यायालयाच्या २०१५ च्या कायद्याखाली असेल. समन्स मिळाल्यापासून लेखी जबाबाला ३० दिवस. फार तर १२० पर्यंत वाढतात, त्यानंतर जबाबाचा हक्कच जातो, गणपतीची सुट्टी सांगून उपयोग नाही.

तळोज्याच्या ग्राहकाला एक साधं पत्र लिहा. नोटीस मिळाली आहे, तपशील मागितला आहे, पुरवठा आणि सर्व्हिस चालू राहील, यापुढचा पत्रव्यवहार आमच्याकडे पाठवावा. एवढंच. 'तुमचं जे काही नुकसान होईल ते आम्ही भरू' असं भावनेच्या भरात लिहू नका, अकरा माणसांच्या युनिटला अमर्याद हमी परवडत नाही. एससीओने २००४ मध्ये डेमलर-क्रायसलर या ग्राहकालाच न्यायालयात खेचलं होतं. त्यांनी उत्तर दिलं, तुमचं युनिक्स आम्ही सात वर्षांहून अधिक काळ वापरलेलंच नाही. काही महिन्यांत दाव्यातलं जवळजवळ सगळं निकालात निघालं. तुमचा ग्राहक घाबरला असेल तर ही गोष्ट त्याला सांगायला हरकत नाही.

राहता राहिले मेव्हणे. ते पूर्ण चुकीचे नाहीत. एससीओ आणि आयबीएमचं भांडण २०२१ मध्ये मिटलं, अठरा वर्षांनी, १.४२५ कोटी डॉलरवर. मागितलेल्या ५ अब्जांपुढे ती चिल्लर, पण अठरा वर्षांचे वकील आयबीएमला परवडले. तुम्हाला अठरा महिनेही परवडणार नाहीत. तेव्हा तडजोड करायची नाही असं मी म्हणणार नाही. फक्त कशाची करायची ते ठरवा. फाइल खरोखर त्यांची निघाली तर त्या फाइलपुरते, ती ज्या यंत्रांत गेली तेवढ्यांपुरते, पैसे द्या, नवा कोड जुन्या ग्राहकांना फुकट द्या आणि प्रकरण लेखी बंद करून घ्या. तातडीच्या मनाईची मागणी नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी त्यांनाही टाळता येत नाही, ती जागा यासाठी बरी असते. पण सगळ्या लिनक्सवर त्यांचा हक्क मान्य करणारा, दर यंत्रामागे कायमचा परवाना लादणारा कागद समोर आला, तर तीन कोटींचे तीन लाख झाले तरी सही करू नका. आज तुम्ही बांध सोडलात की उद्या तोच कागद दाखवून ते शेजारच्या गाळ्यात जातील.

शेवटी थोडं रागावते. ती फाइल, त्या कॉमेंट, हे सगळं तुम्ही एका सदराला लिहून कळवलंत. मी तुमची वकील नाही, आपल्यातलं बोलणं कुठलाही कायदा झाकून ठेवत नाही. म्हणून छापताना तुमचं गाव, माल, माणसांचा आकडा आणि साल, चारही मी बदलले आहेत, आणि मूळ पत्र तुमच्याच पत्त्यावर परत पाठवलंय. ते फाडू नका. वकिलांच्या हातात द्या. पुढे काय झालं हे जाणून घ्यायची मला फार उत्सुकता आहे, तरी प्रकरण निकाली निघेपर्यंत मला काही लिहू नका.